बाईंचा घोडा

चार पाय असूनही ज्याला स्वतःहून एक पाऊल टाकता आलं नाही, असा मी एक जुना वॉकर आहे, मित्रांनो. वॉकर म्हणजे चालणारा. नाव सोनूबाई हाती कथलाचा वाळा, त्यातली गत. चालतो तो दुसराच कुणीतरी. मला उचलून पुढं ठेवतात, मागून माणूस येतो, पुन्हा मला उचलून पुढं ठेवतात. तरी मी या नावाचा राग धरत नाही, कारण ज्या बाईंच्या हाताखाली माझी उमेदीची वर्षं गेली, त्यांनी मला दुसरंच नाव दिलं होतं. त्या मला घोडा म्हणायच्या.

सध्या माझा मुक्काम सरकारी गोदामात आहे. माझ्या एका बाजूला चाक निखळलेली खुर्ची आहे, ती बोलत नाही. दुसऱ्या बाजूला कुबड्यांचा ढीग आहे. त्या खडखड करतात, पण आपसातच. कुबड्या जोडीनं असतात, त्यांना तिसऱ्याची गरज पडत नाही. दार उघडलं की उजेडाची एक पट्टी आत येते आणि दार लागलं की ती जाते. इथं फार एकटं वाटतं, म्हणून तुम्हाला माझी गोष्ट सांगतो.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. हलक्या धातूच्या नळ्या वाकवून, त्यांना आडव्या पट्ट्या जोडून, वर दोन मुठी आणि खाली चार रबरी टोप्या बसवून मला तयार केलं. बाहेर पडायच्या आधी एका तपासनीसानं माझ्यावर भरपूर वजन टाकून पाहिलं. मला इकडं तिकडं हलवलं, माझ्या पायांकडं डोळे बारीक करून बघितलं आणि मग मान डोलावली. मला वाटलं, जगात सगळंच असं तपासून बाहेर पडत असेल. ज्या घरात मी जाणार होतो, ते घर तपासायला मात्र कुणीच गेलं नव्हतं.

ते घर म्हणजे एक खोली होती. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी सरकारनं बांधलेल्या इमारतीत, तळमजल्यावर. खोलीत एक पलंग, एक टेबल, एक खिडकी, कोपऱ्यात छोटासा ओटा आणि त्याच्या पलीकडं न्हाणीघर. तिथं बाई राहायच्या. बाईंनी सगळं आयुष्य गावाच्या तलावावर मुलांना पोहायला शिकवण्यात घालवलं होतं. खांदे अजून रुंद होते आणि आवाज तर असा, की खोलीत बोलल्या तर जिन्यावरचा माणूस "काय?" म्हणून थांबायचा. गुडघे मात्र पार गेले होते.

मला पहिल्यांदा बघितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "लहानपणी घोड्यावर बसायची फार हौस होती. आता आला बघा घोडा, आणि मला त्याला धरून चालायचंय." मग माझ्या मुठी धरून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "चल घोड्या." मी चाललो. म्हणजे त्या चालल्या. खिडकीपर्यंत गेलो, तिथून रस्ता बघितला आणि परत आलो. तेवढ्यानं बाईंना धाप लागली, पण चेहरा असा खुलला होता, की मला स्वतःचा अभिमान वाटला.

एकच घोडं अडलं. न्हाणीघराचं दार अरुंद होतं आणि मी त्याच्यापेक्षा चार बोटं जास्त रुंद होतो. आडवा, तिरका, कसाही घातला तरी आत जाईना. मला बनवणाऱ्यांनी माझं माप घेतलं होतं, इमारत बांधणाऱ्यांनी दाराचं घेतलं होतं, पण दोन्ही मापं एकमेकांशेजारी ठेवून बघायची गरज कुणाला वाटली नव्हती. त्यामुळं रोज अंघोळीच्या वेळी मी दाराबाहेर उभा राहायचो आणि आत बाईंना ताई खांदा द्यायच्या.

ताई म्हणजे सरकारनं नेमलेल्या मदतनीस. एकट्या, थकलेल्या माणसांना घरीच मदत मिळावी, त्यांना घर सोडावं लागू नये, म्हणून सरकारची एक योजना होती. तिचं नाव ‘घरची काळजी’. ताई रोज सकाळी यायच्या. आधी हात एकमेकांवर चोळून गरम करायच्या, मगच बाईंना हात लावायच्या. अंघोळ, केस, गोळ्या, स्वयंपाक, झाडलोट. जाताना माझ्या रबरी टोप्या ओल्या फडक्यानं पुसायच्या आणि मला पलंगाशी अशा बेतानं ठेवायच्या, की बाईंनी हात लांबवला तर मूठ हाताला लागावी. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. सगळ्यांना हे शिकवावं, असंही कुणाच्या मनात आलं नव्हतं.

ताईंनीच मागं लागून न्हाणीघरात धरायला एक दांडी बसवून मागितली. एक माणूस आला, माप घेऊन गेला. दांडी काही आली नाही. ताईंनी परत विचारलं, परत एक माणूस आला आणि परत माप घेऊन गेला. भिंत तीच होती, मापही तेच निघालं असणार. बाई हसून म्हणाल्या, "राहू दे गं. तू आहेस ना, मग दांडी कशाला?"

ती माझी सुखाची वर्षं होती. संध्याकाळी बाई आणि मी कोपऱ्यापर्यंत जायचो. वाटेत कुणीतरी मोठा झालेला विद्यार्थी भेटायचा आणि म्हणायचा, "बाई, ओळखलंत का?" बाई म्हणायच्या, "पाण्यात उभा राहा, मग ओळखते." तलावावर त्या मुलांच्या पोटाखाली हात धरायच्या, आणि रडवेल्या पोराला म्हणायच्या, "काळजी नको, मी आहे." हे त्यांच्या जिभेवर इतकं बसलं होतं, की पुढं कुणीही काहीही विचारलं तरी पहिले शब्द तेच यायचे. पाय सुजलेत का, बाई? काळजी नको. आज जेवलात का, बाई? काळजी नको. मला माहीत असायचं, की पाय सुजलेत आणि जेवण झालेलं नाही. पण मला कोण विचारतं?

मग एकदा योजनेला माणसं पुरवणारा ठेकेदार बदलला. ताईंना शहराच्या दुसऱ्या टोकाची घरं मिळाली. निरोप घ्यायला आल्या तेव्हा नेहमीपेक्षा जास्त वेळ केस विंचरत बसल्या. "मी येत जाईन अधूनमधून," असं म्हणाल्या आणि तोंड फिरवून गेल्या.

त्यांच्या जागी आलेल्या मुली वाईट नव्हत्या, मित्रांनो, हे मी आधीच सांगतो. पण दर खेपेला नवी मुलगी यायची. तिला गोळ्यांचा डबा कुठं आहे हे सांगण्यातच निम्मा वेळ जायचा. तिच्या खिशातला फोन सारखा वाजायचा, कारण पुढचं घर वाट बघत असायचं. आज किती घरं झाली, हे विचारणारे पुष्कळ होते. एखाद्या घरी काम कसं झालं, हे विचारणारं कुणी नव्हतं. फरशी पुसताना मी मध्ये यायचो, म्हणून मला उचलून दाराजवळ ठेवायच्या आणि तिथंच विसरून जायच्या. असून अडचण, नसून खोळंबा, असं माझं झालं. तिकडं पलंगावर बाई, इकडं दाराशी मी. त्या माझ्याकडं बघायच्या, मी त्यांच्याकडं. मध्ये पुसलेली ओली फरशी. भिंत धरत, खुर्ची धरत बाई माझ्यापर्यंत यायच्या, तेव्हा मला माझ्या चार पायांची लाज वाटायची.

एका दुपारी फोन वाजला. बाई फोन माझ्यापुढं अडकवलेल्या कापडी पिशवीत ठेवायच्या आणि ऐकू कमी येतं म्हणून आवाज मोठा करूनच बोलायच्या. त्यामुळं सगळं बोलणं मी ऐकलं. योजनेच्या कार्यालयातून एक तरुण कारकून बोलत होता. आवाज सभ्य होता, पण घाईचा होता. त्याच्यापुढं अजून बरेच फोन असावेत.

"आजी, घरच्या काळजीबद्दल बोलतोय. पुढच्या वर्षासाठी काय करायचं?"

आदले दोन दिवस कुणी मदतीला आलंच नव्हतं. बाईंना वाटलं, त्याबद्दलच कुणीतरी आस्थेनं चौकशी करतंय. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी विचारत होतं. त्यांना फार बरं वाटलं.

"अरे, काळजी नको हो बाळा," त्या म्हणाल्या.

"नको? नक्की ना आजी?"

"अगदी नक्की. मी काही लेचीपेची नाही. तुम्ही तुमचं बघा."

"बरं. मग तसं लिहितो," तो म्हणाला आणि फोन बंद झाला.

मित्रांनो, आपली भाषा मोठी गमतीची आहे. काळजी करायचीही असते आणि काळजी घ्यायचीही असते. बाई म्हणाल्या, काळजी करू नका. त्यानं लिहिलं, काळजी घेऊ नका. एका अक्षराचाही फरक नाही. ‘ध’चा ‘मा’ करायला निदान खाडाखोड तरी करावी लागते, इथं तीही करावी लागली नाही. मी पिशवीसकट तिथं उभा होतो आणि मला सगळं कळत होतं, पण मला तोंड कुठं होतं?

त्या दिवसानंतर कुणी आलं नाही. बाई म्हणायच्या, "पोरगी आजारी असेल." मग म्हणायच्या, "रजा असेल." मग काही म्हणेनाशा झाल्या. तक्रार करणं त्यांच्या रक्तात नव्हतं. भाकरीच्या जागी बिस्किटं आली. केस विंचरणं राहू लागलं. पहिल्यांदा आम्ही कोपऱ्यापर्यंत जायचं सोडलं, मग दारापर्यंत जायचं सोडलं. दिवसभर खिडकीशी बसून आम्ही रस्ता बघायचो. रस्त्यावरची माणसं आमच्याकडं बघत नसत.

आणि अंघोळ तर करायलाच हवी. पाण्यात जन्म काढलेली बाई, बिनअंघोळीची कशी राहणार? मला दाराबाहेर उभं करून त्या नळाला धरून आत जायच्या. एका सकाळी नळावरचा हात सुटला. मी तो आवाज ऐकला. तो कसा होता हे मी तुम्हाला सांगणार नाही. नळ चालूच राहिला, पाणी उंबऱ्यावरून बाहेर आलं, माझ्या चारही पायांखालून खोलीभर पसरलं. बाईंनी हाक मारली. एवढ्या मोठ्या आवाजाची बाई, पण त्या दिवशी आवाज दाराबाहेर गेला नाही. पाणी गेलं. जिन्याच्या पायथ्याशी पाणी बघून वरच्या मजल्यावरची शेजारीण खाली आली, तेव्हा कुठं दार तोडलं गेलं.

दवाखान्याच्या गाडीत घालताना बाई एवढंच म्हणाल्या, "माझा घोडा घ्या." लोकांना वाटलं, वेदनेनं काहीतरी बरळतायत. शेजारणीला माहीत होतं, म्हणून मी सोबत गेलो.

कंबरेचं हाड मोडलं होतं. दवाखान्यात चांगली माणसं होती. हाड जुळवलं, पुन्हा उभं राहायला शिकवलं. पण त्याला बरेच महिने लागले. तेवढ्या काळात तिकडं खोलीला कुलूप होतं. घरं देणारं कार्यालय ‘घरची काळजी’च्या कार्यालयाच्या बरोबर वरच्या मजल्यावर आहे. वरच्या मजल्याचा नियम असा, की खोली फार दिवस बंद राहिली तर ती रांगेतल्या पुढच्या माणसाला द्यायची. नियम वाईट नव्हता. रांगेत बेघर माणसं होती. त्यांनी दाराला नोटीस चिकटवली. जिनं वाचायची ती दवाखान्यात पाय उचलायला शिकत होती. खालच्या मजल्यानं वर सांगितलं नाही, की इथं आपली एक बाई राहते. सांगणार कसं? त्यांच्या लेखी बाईंना काळजी नको होती. वरच्या मजल्यानंही खाली विचारलं नाही. मध्ये एक जिना होता, तो कुणी उतरलं नाही आणि कुणी चढलं नाही.

मग दवाखान्यानं बाईंना घरी सोडलं. हा शब्दही असाच. घरी सोडलं म्हणतात, पण घर आहे का हे बघत नाहीत.

चालकानं आम्हाला दाराशी उतरवलं. बाईंनी केस नीट केले होते. किल्ली लावली, ती लागेना. एवढ्यात आतून दार उघडलं. एक म्हातारे गृहस्थ उभे होते, अंगावर स्वच्छ पण विरलेला सदरा.

"कोण पाहिजे?" त्यांनी विचारलं.

"कोण म्हणजे? मी इथं राहते," बाई म्हणाल्या.

त्यांनी बाईंकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, बाईंच्या हातातल्या किल्लीकडं बघितलं. मग त्यांच्या लक्षात आलं. त्यांचा चेहरा इतका उतरला, की जणू चोरी त्यांनीच केली होती.

"मला खोली रिकामी आहे म्हणून सांगितलं हो," ते म्हणाले. "मी पुलाखाली होतो. तुम्ही बसा ना. पाणी देतो."

त्यांनी बाईंना बाईंच्याच खोलीत पाहुण्यासारखं बसवलं आणि पाणी दिलं. पलंग वेगळा होता. टेबल तिथं नव्हतं. न्हाणीघराचं दार मात्र तेवढंच अरुंद होतं. बाईंनी पाणी संपवलं, पेला खाली ठेवला आणि म्हणाल्या, "खिडकीतून संध्याकाळी वारा चांगला येतो. उघडी ठेवत जा." मग मला धरून उठल्या.

चालक बाहेर घुटमळत होता. "मला घरी सोडायला सांगितलंय," तो म्हणाला. "आता कुठं सोडू?" बाईंनी किल्ली माझ्या पिशवीत टाकली. मला तर बोलताच येत नाही. शेवटी त्यानं आम्हाला बेघरांच्या निवाऱ्यावर नेऊन सोडलं.

निवारा म्हणजे एक लांबलचक खोली, ओळीनं खाटा, आणि दिवा कायम चालू. रात्री तिथं झोपायचं आणि सकाळी बाहेर पडायचं, असा नियम. साफसफाईसाठी असेल. पण कंबर मोडलेल्या बाईनं दिवसभर जायचं कुठं? आम्ही बसथांब्यावर जाऊन बसायचो. गाड्या यायच्या, माणसं चढायची, माणसं उतरायची. कुणी ओळखीचं दिसलं तर बाई तोंड दुसरीकडं फिरवायच्या. पूर्वी त्या लोकांना हाका मारायच्या. आता लोकांनी ओळखू नये म्हणून धडपडायच्या. थंडीच्या दिवसांत माझ्या नळ्या गार पडायच्या, तरी त्या मुठी सोडायच्या नाहीत. त्या काळात त्या माझ्याशीही बोलेनाशा झाल्या. इतका एकटा मी गोदामातही नाही, मित्रांनो.

खडबडीत रस्त्यावर रोज चालून माझ्या रबरी टोप्या झिजल्या. मी घसरू लागलो.

एके दिवशी ताई अधूनमधून येण्याचा शब्द पाळायला जुन्या खोलीवर गेल्या. त्या म्हाताऱ्या गृहस्थांनी त्यांना सगळं सांगितलं. ताईंनी निवारा शोधला, निवाऱ्यावरून बसथांबा शोधला. समोर येऊन उभ्या राहिल्या तेव्हा बाई म्हणाल्या, "अगं, काळजी नको..." ताईंनी हात चोळून गरम केले आणि बाईंचे हात धरले. त्या दिवशी बाई रडल्या. मी त्यांना पडताना ऐकलं होतं, पण रडताना पहिल्यांदा बघितलं.

ताईंनी त्यांना त्या दोन मजल्यांच्या कार्यालयात नेलं. मित्रांनो, कार्यालयात कागदी घोडे नाचवतात असं म्हणतात. त्या दिवशी तिथं पहिल्यांदा खरा घोडा गेला असावा. खालच्या मजल्यावरच्या अधिकारी मॅडमनी आम्हाला बसायला सांगितलं आणि थोडं शोधून म्हणाल्या, "पण आजी, तुम्हीच नको म्हणालात. बोलणं जपून ठेवलेलं असतं आमच्याकडं."

त्यांनी ते ऐकवलं. खोलीत बाईंचा आवाज घुमला, पूर्वीचा, भरदार, आनंदी. "अरे, काळजी नको हो बाळा." कोपऱ्यातल्या टेबलावरच्या तरुणानं मान वर केली. तोच तो कारकून होता.

बाई आपलाच आवाज ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "मी म्हटलं, माझी काळजी करू नका. काळजी घेऊ नका असं कुठं म्हटलं?"

मॅडमनी ते पुन्हा एकदा ऐकलं आणि हातातलं पेन खाली ठेवलं. तरुण उभा राहिला. त्याचं तोंड पांढरं पडलं होतं. "मी विचारलं होतं, नक्की ना म्हणून," तो म्हणाला.

"विचारलंस रे बाळा, तुझी चूक नाही," बाई म्हणाल्या. "पण मी इतकी वर्षं पोहायला शिकवलं. पाण्यातल्या पोराला लांबून विचारलं, बुडतोयस का, तर तो नाहीच म्हणतो. माझ्यासारखीच खोड असते सगळ्यांना. म्हणून विचारून भागत नाही, जवळ जाऊन बघावं लागतं."

उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांना कुणीतरी उंटावरून खाली उतरायला सांगितलं होतं. मॅडम मात्र खरंच उतरल्या, हे मला सांगायला हवं. त्या स्वतः जिना चढून वर गेल्या आणि तिथल्या अधिकाऱ्याला घेऊन खाली आल्या. दोघांनी मिळून ठरवलं, की यापुढं फोनवर कुणाचीही मदत बंद करायची नाही, आधी घरी जाऊन बघायचं. मदत घेणाऱ्या माणसाची खोली बंद दिसली, तर वरच्यांनी आधी खाली विचारायचं. न्हाणीघरात दांड्यासुद्धा बसवायच्या. वरातीमागून घोडं, पण निदान पुढच्या वरातीच्या आधी.

मग वरच्या मजल्याचे अधिकारी म्हणाले, "चूक आमची आहे. त्या गृहस्थांना दिलेली खोली रद्द करून तुमची तुम्हाला परत देता येईल."

ताईंनी सुटकेचा निःश्वास टाकला. माझ्या मुठीवरचे बाईंचे हात घट्ट झाले. माझ्या डोळ्यांपुढं ती खिडकी आली. घेते म्हणा बाई, घेते म्हणा, असं मी मनात म्हणत होतो.

"मग ते कुठं जातील?" बाईंनी विचारलं.

"निवाऱ्यात. रांगेत त्यांचा नंबर पुन्हा लागेल."

"म्हणजे त्यांना उठवून तिथं मला बसवायचं," बाई म्हणाल्या. "खोली तीच, बेघर तेवढा बदलायचा. ते नको. त्यांनी मला पाणी दिलं हो. मला दुसरं काहीतरी बघा. पण बघा मात्र."

अधिकाऱ्यांनी सांगितलं, बघतो. दुसरी खोली रिकामी नव्हती. मॅडमनी त्याच दिवशी बाईंची मदत पुन्हा चालू करायचा हुकूम काढला. पण मदत घरी द्यायची असते आणि हुकुमावर घराचा पत्ता लागतो. ती जागा कोरी राहिली. घर नाही म्हणून मदत नाही, आणि मदत नव्हती म्हणूनच घर गेलं होतं. हे कोडं सोडवायला त्या मॅडम दिवे लागेपर्यंत बसून होत्या. निवाऱ्यात बाईंना दिवसाही बसू देण्याची परवानगी तेवढी त्यांनी मिळवली.

मग माझी पाळी आली. मी ‘घरची काळजी’ योजनेचं सामान आहे. ज्या घरात मला दिलं होतं ते घर आता बाईंचं नव्हतं, म्हणून एक माणूस मला न्यायला निवाऱ्यावर आला. बाई खाटेवर बसल्या होत्या आणि मी त्यांच्या हाताशी होतो.

"बाई, हा परत न्यायचाय," तो म्हणाला.

बाईंनी दोन्ही मुठी धरल्या. आयुष्यभर ज्या बाईंनी कुणाकडं काही मागितलं नव्हतं, त्या म्हणाल्या, "नको नेऊ. मला हवाय हा."

माणूस बिचारा अवघडला. त्यानं मला तिरकं करून माझे पाय बघितले. "रबर पार गेलंय बाई. नळी फरशीला लागतेय. हा घसरला तर पुन्हा मोडून घ्याल. दुसरा पाठवतील."

"कधी?"

"पाठवतील की," तो म्हणाला आणि खाली बघू लागला.

तो खोटं बोलत नव्हता. मी खरंच घसरत होतो. मला धरून त्या पडल्या असत्या तर मी ते कसं सोसलं असतं? बाईंनी एक हात सोडला, मग दुसरा सोडला. ताई तेव्हा तिथंच होत्या, त्यांनी बाईंना खांदा दिला. पण ताईंना शहराच्या दुसऱ्या टोकाची घरं होती. मला गाडीत टाकलं तेव्हा मी वळून बघू शकलो नाही.

इथं गोदामात आल्यावर मला नव्या टोप्या बसवल्या. आता मी अगदी ठणठणीत आहे, आणि नुसता उभा आहे. बाईंना दुसरा वॉकर मिळाला का? त्यांना खोली मिळाली का? मला ठाऊक नाही, मित्रांनो. माणसांना निदान कुणीतरी काहीतरी कळवतं. सामानाला कुणी काही कळवत नाही.

मी जुनी वस्तू, उपदेश करायचा माझा अधिकार नाही. पण एवढं ऐका. घर आणि काळजी या दोन गोष्टी वेगवेगळ्या मजल्यांवर ठेवल्या, की माणूस मधल्या जिन्यावर हरवतो. सरकार म्हणजे काही आभाळातून पडलेलं नसतं. तुमच्यातलीच मुलं मोठी होऊन तिथं बसतात. तुम्ही बसलात, तर आधी उठून त्या माणसाच्या घरी जा. दाराचं माप घ्या, न्हाणीघर बघा, हाताशी काय आहे आणि काय नाही ते बघा. कुणी हसून नको म्हणालं, तरी थोडा वेळ तिथं थांबा.

आणि मोठं होण्याची वाट कशाला बघायची? त्या दोन मजल्यांच्या कार्यालयाचं दार सगळ्यांना उघडं असतं. आजच जा आणि कुठल्याही मजल्यावर विचारा, की मुलांना पोहायला शिकवणाऱ्या त्या बाई आता कुठं राहतात? बघून सांगतो म्हणाले, तर ते बघून येईपर्यंत तिथंच बसून राहा. आणि बाईंचा पत्ता मिळाला, तर मित्रांनो, मला येऊन सांगा.